सिकलसेल संशोधनातील रुग्ण : एक चिकित्सक वाचन

प्रस्तावना

वैद्यकीय संशोधनाविषयी विचार करताना एक गृहीतक बहुधा मनाशी धरलेले असते. रोगाचे मूळ कारण कळले की उपचार सापडतो आणि उपचार सापडला की रुग्णाचे दुःख दूर होते, असा हा सरळ क्रम आहे. पाठ्यपुस्तकांतून, वृत्तपत्रांतून आणि शासकीय घोषणांतून हाच क्रम वारंवार मांडला जातो. सिकलसेल हा आजार मात्र या गृहीतकाची कसोटी पाहणारा आहे. ज्याचे कारण रेणूच्या पातळीवर सर्वप्रथम उलगडले असा हा मानवी आजार होय. हा उलगडा १९४९ मध्ये झाला. तथापि रुग्णाच्या वेदना कमी करणारे पहिले औषध चाचणीतून सिद्ध होण्यास १९९५ हे वर्ष उजाडावे लागले. मधली ४६ वर्षे कारण ज्ञात होते आणि रुग्ण वेदनेत होता.

विदर्भात, तसेच नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत या आजाराचे रुग्ण लक्षणीय प्रमाणात आढळतात. त्यामुळे हा प्रश्न मराठी वाचकाला दूरचा नाही. प्रस्तुत लेखात १९१० ते २०२४ या काळातील निवडक शोधनिबंध व औषधचाचण्या यांचे वाचन केले आहे. या वाचनाचा उद्देश संशोधनाचा इतिहास सांगणे हा नसून त्यातील रुग्णाचे स्थान तपासणे हा आहे. या लेखनात रुग्ण कोठे उभा आहे, यशाचा निकष म्हणून काय मोजले गेले, आणि जे सापडले त्यातील किती रुग्णापर्यंत पोहोचले, हे तीन प्रश्न येथे विचारले आहेत.

आजाराचे स्वरूप

तांबड्या रक्तपेशीतील हिमोग्लोबिन हे प्रथिन शरीरभर प्राणवायू वाहून नेते. सिकलसेल आजारात या प्रथिनाच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन हे अमिनो आम्ल येते. असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यानंतर एकमेकांस चिकटून लांब धागे तयार करते. एरवी मऊ व गोल असणारी पेशी त्यामुळे ताठर होऊन विळ्यासारखी वाकते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात आणि वाहिन्यांच्या अस्तरालाही इजा करतात. परिणामी रक्तक्षय, हाडांतील व सांध्यांतील असह्य कळा, जंतुसंसर्ग, प्लीहेचा नाश, पक्षाघात आणि अवयवांची झीज असे अनेक विकार उद्भवतात.

आई आणि वडील या दोघांकडून दोषयुक्त जनुक मिळाल्यास व्यक्ती रुग्ण होते. एकाकडूनच मिळाल्यास ती वाहक असते व सामान्यतः निरोगी आयुष्य जगते. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. रुग्ण आणि वाहक यांतील हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

नाव पेशीचे, वेदना रुग्णाची

आधुनिक वैद्यकात या आजाराची पहिली सविस्तर नोंद शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केली. कॅरिबियन बेटांतील ग्रेनाडा येथून आलेल्या वीस वर्षांच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तात त्यांना व त्यांचे सहकारी अर्नेस्ट आयर्न्स यांना लांबट, विळ्यासारख्या पेशी दिसल्या होत्या. हा निबंध आजही वाचनीय आहे. रुग्णाचा पूर्वेतिहास, पायावरील व्रण, धाप, छातीतील धडधड यांची तपशीलवार नोंद त्यात आहे. निदान करता येत नसल्याची प्रांजळ कबुलीही हेरिक देतात. परंतु निबंधाच्या शीर्षकात रक्तपेशींचा आकार आला आणि रुग्णाला वेळोवेळी आलेल्या कळा 'स्नायूंचा संधिवात', 'पित्ताचे झटके' अशा परिचित नावांखाली नोंदल्या गेल्या. पुढे १९२२ मध्ये व्हर्न मेसन यांनी 'सिकलसेल ॲनिमिया' ही संज्ञा रूढ केली, तीही पेशीच्या आकारावरूनच. या पहिल्या रुग्णाचे नाव वॉल्टर क्लेमेंट नोएल होते आणि दंतवैद्यकाचे शिक्षण पूर्ण करून तो मायदेशी परतला व १९१६ मध्ये तेथेच वारला, ही माहिती वैद्यकीय इतिहासकारांनी १९८९ मध्ये उजेडात आणली. पेशीला १२ वर्षांत नाव मिळाले, रुग्णाला नाव मिळण्यास जवळपास ८० वर्षे लागली.

याउलट पश्चिम आफ्रिकेत हा आजार शतकानुशतके परिचित होता. घानाचे डॉक्टर फेलिक्स कोनोटे-अहुलू यांनी दाखवून दिल्याप्रमाणे तेथील अनेक भाषांत या आजाराला स्वतंत्र नावे आहेत. ही नावे हाडांत पुनःपुन्हा उठणाऱ्या कळांवरून पडलेली असून त्यांपैकी काही नादानुकारी आहेत. म्हणजे सूक्ष्मदर्शक नसलेल्या समाजाने आजार ओळखला तो वेदनेवरून, तर प्रयोगशाळेने ओळखला तो आकारावरून. दोन्ही ओळखी खऱ्याच आहेत. मात्र संशोधनाची पुढील दिशा आकाराने ठरविली, आणि या निवडीचे परिणाम दूरवर पोहोचले.

रेणूचा विजय आणि त्याची छाया

नोव्हेंबर १९४९ मध्ये लायनस पॉलिंग, हार्वे इटानो, जोनाथन सिंगर व इबर्ट वेल्स यांचा निबंध 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निराळ्या गतीने सरकते, हे त्यांनी दाखविले व या आजाराला 'रेण्वीय रोग' असे संबोधिले. १९५७ पर्यंत व्हर्नन इंग्रॅम यांनी फरक एका अमिनो आम्लाचा असल्याचे सिद्ध केले. जीवशास्त्राच्या इतिहासात या संशोधनाचे मोल निर्विवाद आहे. रोग ही अखेरीस रेणूची रचना बिघडल्याची घटना असू शकते, हा विचार येथून दृढ झाला.

या निबंधाचे वाचन करताना एक बदल जाणवतो. हेरिक यांच्या निबंधात निनावी का होईना, एक माणूस होता. पॉलिंग यांच्या निबंधात रक्ताचे नमुने आहेत. भौतिक रसायनशास्त्राच्या निबंधात हे स्वाभाविकच असल्याने त्याबद्दल दोष देणे योग्य होणार नाही. दोष उद्भवतो तो या दृष्टीचा विस्तार थेट समाजव्यवहारापर्यंत होतो तेव्हा. १९६८ मध्ये पॉलिंग यांनी एका लेखात असे सुचविले की, सिकलसेलच्या वाहक तरुण-तरुणींच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक परस्परांच्या प्रेमात पडणार नाहीत. पुढील पिढीचे दुःख टळावे हाच त्यांचा हेतू होता. परंतु ज्या समाजावर वंशद्वेषाची खूण आधीच उमटलेली होती त्याच्या कपाळावर आणखी एक खूण करण्यात काही गैर आहे, हे एवढ्या थोर वैज्ञानिकास जाणवू नये, ही बाब विचार करावयास लावणारी आहे. रुग्णाऐवजी जनुकच नजरेसमोर असले की काय घडू शकते, याचे हे ठळक उदाहरण म्हणता येईल.

शुश्रूषेतून आलेले ज्ञान

यंत्रणेचा उलगडा झाल्यानंतरच्या काही दशकांत लहान मुलांचे मृत्यू कमी करणारे दोन महत्त्वाचे शोध लागले. लक्षणीय गोष्ट अशी की, हे दोन्ही शोध रेणूच्या अभ्यासातून आले नाहीत.

पहिला शोध पेनिसिलिनचा. प्लीहा निकामी झाल्यामुळे या बालकांना न्युमोकोकस जंतूचा संसर्ग होऊन ती काही तासांतच दगावत. अमेरिकेत २१५ बालकांवर झालेल्या चाचणीत, रोज तोंडावाटे पेनिसिलिन दिल्यास या संसर्गाचे प्रमाण ८४ टक्क्यांनी घटते असे आढळले. परिणाम इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. १९८६ मध्ये मेरिलिन गॅस्टन व सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या औषधात नवीन असे काहीच नव्हते. ते अनेक दशके बाजारात उपलब्ध होते. नवीन होता तो प्रश्न : ही मुले नेमकी कशाने मरतात? या चाचणीनंतर नवजात बालकांच्या तपासणीलाही खरा अर्थ प्राप्त झाला, कारण निदानानंतर हाती देता येईल असे काहीतरी आता उपलब्ध होते.

दुसरा शोध जमैकातील आहे. किंग्स्टन येथे १९७३ पासून ग्रॅहम सर्जंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाख नवजात बालकांची तपासणी करून त्यांतील रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. काही बालकांची प्लीहा अचानक रक्त साठवून फुगते व मूल दगावते, हे या पाठपुराव्यात दिसून आले. तेव्हा मातांना बाळाचे पोट चाचपून प्लीहा ओळखण्यास व ती वाढल्यास तत्काळ दवाखान्यात येण्यास शिकविण्यात आले. या साध्या शिक्षणानंतर अशा झटक्यांतील मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. येथे निदानाचे साधन होते आईचा हात. ग्रामीण महाराष्ट्रात प्लीहेला 'पांथरी' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. ज्या समाजाला त्या अवयवाची स्वभाषेत ओळख आहे, तेथे आशा कार्यकर्तीमार्फत हे कौशल्य मातांपर्यंत नेणे अशक्य नाही.

यंत्रणा आणि शुश्रूषा यांची भेट

वरील विवेचनावरून रेणूचा अभ्यास निरुपयोगी होता असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. हायड्रॉक्सीयुरियाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९४८ मध्ये जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ महिलेने असे निरीक्षण नोंदविले की, या आजाराच्या नवजात बालकांत विळ्यासारख्या पेशी कमी असतात, आणि याचे कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन असावे. बाळाच्या खाटेजवळ केलेले हे निरीक्षण पुढील साऱ्या संशोधनाचे बीज ठरले. गर्भ-हिमोग्लोबिन पेशीत टिकून राहिले तर धागे तयार होत नाहीत. मग मोठ्या वयातही ते वाढविता येईल काय, असा प्रश्न उभा राहिला. १८६९ मध्ये प्रथम तयार झालेले व कर्करोगात वापरले जाणारे हायड्रॉक्सीयुरिया हे साधे रसायन ते वाढविते असे आढळले.

१९९५ मध्ये २९९ प्रौढ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षाकाठी येणाऱ्या वेदनेच्या झटक्यांचे मध्यमान औषध घेणाऱ्या गटात २.५, तर दुसऱ्या गटात ४.५ होते. या चाचणीचे वेगळेपण तिने निवडलेल्या निकषात आहे. गर्भ-हिमोग्लोबिन किती वाढले यावर संशोधक समाधान मानू शकले असते. त्यांनी मुख्य निकष म्हणून रुग्णाच्या कळा मोजल्या. रेणूविषयीचे ज्ञान आणि रुग्णाचा अनुभव यांची येथे भेट झाली, आणि म्हणूनच हे औषध आजही उपचाराचा मुख्य आधार आहे. अंगोला, काँगो, केनिया व युगांडा येथील बालकांवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने, साधनसामग्री मर्यादित असलेल्या प्रदेशांतही ते सुरक्षितपणे देता येते व मृत्यूही कमी होतात, असे दाखवून दिले.

आकडा सुधारला, रुग्णाचे काय?

निकषाची निवड किती निर्णायक असते, हे अलीकडील दोन औषधांवरून स्पष्ट होते. व्होक्सेलोटर हे औषध यंत्रणेच्या दृष्टीने अत्यंत तर्कशुद्ध होते. हिमोग्लोबिनने प्राणवायू अधिक काळ धरून ठेवावा, म्हणजे धागे बनणार नाहीत, ही त्यामागील कल्पना. २७४ रुग्णांच्या चाचणीत अधिक मात्रा घेणाऱ्या ५१ टक्के रुग्णांचे हिमोग्लोबिन अपेक्षित प्रमाणात वाढले. औषध न मिळालेल्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. वेदनेच्या झटक्यांत मात्र लक्षणीय फरक सिद्ध झाला नाही. तरीही हिमोग्लोबिनमधील वाढ हा पर्यायी निकष ग्राह्य धरून नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यास त्वरित मान्यता दिली. पुढील अभ्यासांत वेदनेचे झटके व मृत्यू यांचे प्रमाण चिंताजनक दिसल्याने सप्टेंबर २०२४ मध्ये उत्पादक कंपनी फायझरने ते जगभरातून मागे घेतले. रक्ततपासणीच्या कागदावर सुधारलेला रुग्ण प्रत्यक्षात सुधारलेला नसू शकतो, हा या घटनेचा धडा होय.

क्रिझानलिझुमॅब या औषधाची कथा याहून निराळी आहे. पेशी रक्तवाहिनीच्या अस्तरास चिकटू नयेत यासाठी ते तयार करण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वेदनेचे झटके खरोखरच कमी झाले होते. परंतु त्यानंतरच्या मोठ्या चाचणीत तो लाभ पुन्हा दिसून आला नाही, आणि २०२३ मध्ये युरोपीय संघाने मान्यता रद्द केली. म्हणजे योग्य निकष निवडणे आवश्यक असले तरी पुरेसे नसते. एका चाचणीचा निष्कर्ष पुन्हा पडताळून पाहणे तितकेच गरजेचे असते.

जनुक-संपादन : उपचार आणि त्याची किंमत

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने व डिसेंबरमध्ये अमेरिकेने कॅसजेव्ही या उपचारास मान्यता दिली. क्रिस्पर तंत्रावर आधारित हा जगातील पहिला मान्यताप्राप्त उपचार आहे. यात रुग्णाच्याच रक्तजनक पेशी बाहेर काढून गर्भ-हिमोग्लोबिनला दाबून ठेवणारी यंत्रणा सैल केली जाते आणि त्या पेशी परत शरीरात सोडल्या जातात. अमेरिकी मान्यतेच्या वेळी मूल्यमापनयोग्य ३१ रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग १२ महिने वेदनेचा तीव्र झटका आला नव्हता. येथेही निकष वेदनेचाच होता, आणि वॉटसन यांच्या निरीक्षणाला ७५ वर्षांनी आलेले हे फळ आहे.

तथापि या उपचारापूर्वी रुग्णाच्या अस्थिमज्जेतील पेशी तीव्र औषधांनी नष्ट कराव्या लागतात. त्यासाठी दीर्घकाळ रुग्णालयात राहावे लागते आणि प्रजननक्षमता गमावण्याचा धोकाही संभवतो. अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत २२ लाख डॉलर इतकी आहे. जगातील बहुसंख्य रुग्ण आफ्रिकेत व भारतात आहेत. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत स्वदेशी जनुक-संपादन उपचारावर काम चालू आहे, ही आशादायक बाब आहे. परंतु ज्या रुग्णाला हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांसाठी एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी जावे लागते, त्याच्या दृष्टीने शास्त्राची प्रगती कोणत्या टप्प्यावर आहे, हा प्रश्न या आशेबरोबरच विचारावा लागेल.

भारतीय संदर्भ : मोजणी, कार्ड आणि कलंक

भारतात निलगिरीतील आदिवासींमध्ये सिकलसेलचे अस्तित्व लेहमान व कटबुश यांनी १९५२ मध्ये नोंदविले. मध्य भारतातील वाहकांविषयीची शुक्ल व सोळंकी यांची नोंद १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. त्यानंतरचे बरेचसे भारतीय संशोधन कोणत्या जाती-जमातींत किती टक्के वाहक आहेत, याची मोजणी करणारे आहे. अशी मोजणी आवश्यक असली तरी टक्केवारीच्या तक्त्यांत रुग्णाच्या आयुष्याची कथा सापडत नाही. शिवाय ओडिशातील अभ्यासांत रुग्णांचे गर्भ-हिमोग्लोबिन अधिक आढळल्याने भारतातील आजार सौम्य असतो, अशी समजूत दृढ झाली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील दीप्ती जैन व सहकाऱ्यांच्या अभ्यासांनी या समजुतीला छेद दिला. विदर्भातील अनेक बालकांना तीव्र कळा येतात, वारंवार रुग्णालयात दाखल व्हावे लागते, असे त्यांनी नोंदविले. प्रतिकिलो १० मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेतही हायड्रॉक्सीयुरिया गुणकारी ठरते, हेही त्यांनी २०१२ मध्ये दाखविले. रुग्णांजवळ राहून केलेल्या संशोधनाने सरासरीवर आधारलेली समजूत कशी दुरुस्त होते, याचे हे आपल्या भूमीतील उदाहरण आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत. दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या समाजांकडे एवढ्या मोठ्या प्रमाणावर लक्ष वळणे स्वागतार्ह आहे. अभियानाच्या आराखड्यात उपचार व समुपदेशन यांचाही समावेश आहे. मात्र 'निर्मूलन' या शब्दाची चिकित्सा आवश्यक ठरते. देवीचे निर्मूलन झाले ते विषाणूचे. सिकलसेलमध्ये असा बाहेरून आलेला शत्रू नाही. येथे निर्मूलन म्हणजे पुढे असे मूल जन्माला न येणे. मग जे आज जगत आहेत, त्यांचे स्थान या शब्दात कोठे आहे?

तपासणीनंतर व्यक्तीला तिची जनुकीय स्थिती दर्शविणारे कार्ड दिले जाते. यासंदर्भात पूर्वानुभव लक्षात घेणे उचित ठरेल. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावी १९७० च्या दशकात झालेल्या अभ्यासात असे दिसले की, तपासणी व समुपदेशनानंतरही दोन वाहकांचे विवाह कमी झाले नाहीत. उलट वाहकांना कलंक चिकटला आणि काहींनी आपली स्थिती लपविली. अमेरिकेतही त्याच दशकाच्या आरंभी अनेक राज्यांनी तपासणी सक्तीची केली. वाहक व रुग्ण यांतील भेद नीट न समजल्याने निरोगी वाहकांना नोकरी व विमा नाकारण्याचे प्रकार तेथे घडले. विवाहात मुलीच्या उणिवेची चर्चा आधी आणि मोठ्याने होते अशा आपल्या समाजात या कार्डाचा भार कोणावर अधिक पडेल, हे वेगळे सांगावयास नको. पॉलिंग यांची कपाळावरील खूण आणि हातातील कार्ड या दोन गोष्टी एक नव्हेत, कारण कार्ड खाजगी राहू शकते. ते खाजगी ठेवण्याची हमी हाच या दोहोंतील खरा फरक आहे. ती हमी सुटली की फरकही पुसला जाईल.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश झाला, हे महत्त्वाचे पाऊल होते. परंतु बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व सिद्ध करावे लागते. आज कळांनी तळमळणारा आणि आठवड्याने चालत कचेरीत येणारा रुग्ण आपली वेदना टक्क्यांत कशी दाखविणार? न दिसणारी वेदना मोजण्याची जी अडचण शोधनिबंधांत होती, तीच येथे प्रमाणपत्राच्या रूपाने पुन्हा उभी राहते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. रोगाची यंत्रणा कळणे आणि रुग्णाची शुश्रूषा होणे यांचा संबंध आपोआप जुळत नाही. सिकलसेलच्या बाबतीत या दोहोंमध्ये अनेक दशकांचे अंतर पडले.

२. पेनिसिलिन व मातृशिक्षण यांसारखे परिणामकारक उपाय, मुले कशाने दगावतात, या प्रश्नातून आले. हायड्रॉक्सीयुरिया व जनुक-संपादन यांचे यश यंत्रणेच्या ज्ञानाला वेदनेच्या निकषाची जोड मिळाल्यामुळे आहे.

३. केवळ पर्यायी निकषावर दिलेली मान्यता रुग्णाच्या हिताची नसू शकते, हे व्होक्सेलोटरच्या माघारीने दाखवून दिले आहे.

४. भारतातील अभियानाचे मूल्यमापन तपासलेल्या व्यक्तींच्या संख्येवर न थांबता, निदान झालेल्यांपैकी किती बालकांना पेनिसिलिन व किती रुग्णांना हायड्रॉक्सीयुरिया नियमित मिळते, आणि वर्षाकाठी किती वेदनेचे झटके टळले, यावर व्हावयास हवे.

५. जनुकीय माहितीची गोपनीयता आणि वाहक व रुग्ण यांतील भेदाचे लोकभाषेतील शिक्षण यांशिवाय तपासणी कलंकाचे साधन बनण्याचा धोका आहे.

नोएलला आपल्या आजाराचे नाव कळले नाही. आज नंदुरबार किंवा गडचिरोलीतील मुलाला ते एका थेंबाच्या तपासणीत कळू शकते. त्या तपासणीनंतर त्याच्या घरी औषध नियमित पोहोचते की केवळ कार्ड, यावरच या शतकभराच्या संशोधनाचे त्याच्यापुरते मूल्य ठरणार आहे.